टोकन एकेचाळीस, कृपया आ...

"आई, उद्यापासून मावशींच्या घशाला सुट्टी!" जावईबापूंनी जेवताना जाहीर केलं.

सासूबाई दातांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात वीस वर्षं मदतनीस मावशी नंबर पुकारायच्या, तेही असे की दुखरा दात आपणहून हलावा! आता मावशींनी औषधं द्यायची आणि बोलायचं काम स्पीकरनं करायचं. जावईबापूंना या सगळ्यातून हवी होती फक्त एक शाबासकी. पाच वर्षांत त्यांनी सासरचा प्रिंटर सात वेळा आणि इस्त्री तीनदा दुरुस्त केली होती. सासूबाईंच्या तोंडून "बरं"च्या पुढे एक अक्षर निघालं नव्हतं.

योजना सुटसुटीत होती. संगणकात प्रोग्राम दोन, एक बाप आणि एक त्याचं पोर. डॉक्टरांनी बटण दाबलं की पोरानं एक ओळ लिहून द्यायची, बापानं ती स्पीकरवर वाचायची. घरी जावईबापूंनी पोराला एकट्यालाच बसवून पाहिलं होतं. बटण दाबलं की पडद्यावर ओळ हजर! 'बापाशीही असंच बोलेल, जातंय कुठे!' म्हणून ते निवांत झोपले.

शनिवारी मोफत तपासणी. बाहेर एकेचाळीस माणसं टोकनं घेऊन बसलेली. सासूबाईंनी बटण दाबलं.

स्पीकर गप्प.

"काय हो?"

"नवं आहे, आई! दाबत राहा, मोकळं होईल."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग अक्कलदाढ उपटताना लावतात तेवढा जोर लावून सपाटाच लावला! दर दाबण्याला टोकन एकेकानं पुढे सरकतंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"यापेक्षा भिंत बोलेल!" म्हणत सासूबाईंनी शेवटचा ठोसा हाणला, आणि स्पीकरला वाचा फुटली.

"टोकन एक, कृपया आत येऊन खुर्चीत बसा! टोकन दोन, कृपया आत येऊन खुर्चीत बसा! टोकन तीन..."

मध्ये श्वास नाही, उसंत नाही! चाळीस माणसं एकदम उठली. दार एक, खुर्ची एक. खुर्चीत टोकन सात, त्याच्या मांडीवर टोकन बारा!

"मला बोलावलंय!"

"मलाही बोलावलंय!"

"अहो, माझा दात ठणकतोय!"

"मग आम्हाला काय चोची आहेत?"

आणि शेवटी, "टोकन एकेचाळीस, कृपया आ..." इथे स्पीकरची दातखीळ बसली.

टोकन एकेचाळीस म्हणजे सासरे. बायकोच्या दवाखान्यातही रांग न मोडणारा माणूस! एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "मी यायचं की नाही? वाक्य तरी पुरं करा!"

मावशींनी गर्दी बाहेर हुसकली, जावईबापूंकडून बाप-पोराची योजना ऐकून घेतली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमचं ते पोर समोर माणूस असला की लगेच बोलतं?"

"लगेच!"

"आमच्या थोरल्यासारखंच! मला काही सांगायचं तर तोंडावर सांगतो. बापाला सांगायचं झालं की पोतं भरेस्तोवर साठवतो आणि एकदम ओततो. मग शेवटची गोष्ट अर्धी राहिली तरी बेहत्तर!"

जावईबापूंनी कपाळावर हात मारला. साठवू नकोस, ओळ लिहिलीस की लगेच पुढे दे, एवढंच पोराला बजावायचं राहिलं होतं! दुरुस्तीसाठी त्यांनी पोर बंद केलं, तर त्यानं जाता जाता पोत्याचा तळ झटकला: "...त येऊन खुर्चीत बसा!"

"आलो!" सासरे ओरडले.

"खाली बसा, साहेब! आधी चाळीस जण आहेत," मावशी म्हणाल्या.

प्रोग्राममध्ये तसं बजावणारी एक ओळ घातली आणि सगळं सुरळीत झालं. बटण दाबताच "टोकन एक" आलं, आणि एकटंच आलं. सासूबाईंनी मान हलवली. "बरं."

जावईबापू पडल्या चेहऱ्यानं बाकावर टेकले. शेजारी सासरे.

"जावईबापू, एक राहूनच गेलं बघा. ही मला दर वेळी म्हणायची, 'त्यांना सांगा हं.' मी म्हटलं, साठू दे, एकदम सांगू."

"काय सांगायचं होतं?"

"पहिल्यांदा प्रिंटर सुरू केलात ना, तेव्हा म्हणाली, हात सोन्याचा आहे. दुसऱ्यांदा म्हणाली..."

सात प्रिंटर, तीन इस्त्र्या! पाच वर्षांचं कौतुक सासऱ्यांनी तपशीलवार ओतलं. रांग सरत होती, जावईबापू फुलत होते.

"आणि काल रात्री तर म्हणाली, असा जावई..."

"टोकन एकेचाळीस, कृपया आत येऊन खुर्चीत बसा!"

सासरे वाक्य तिथंच टाकून उठले. परतले ते तोंडात कापसाचा भलामोठा बोळा घेऊन.

"असा जावई काय, बाबा?"

"ऊं ऊं," सासरे म्हणाले.