हँडल सोडू नये

दवाखान्यातल्या खाटेचा डोक्याकडचा भाग वर करायचा तर पायथ्याचे हँडल फार वेळ फिरवावे लागते, ही बाब खाटा बनवणाऱ्या कंपनीच्या निदर्शनास बऱ्याच वर्षांनी आली. ती निदर्शनास आणून दिली डिझाइन विभागातल्या एका बाईंनी, आणि बाईंच्या निदर्शनास आणून दिली त्यांच्या सासूबाईंनी. सासूबाई बाथरूममध्ये घसरून, खुब्याचे हाड मोडून दवाखान्यात पडल्या होत्या. सून हँडल फिरवून त्यांना बसते करीपर्यंत चहा गार होत असे.

"ही खाट तूच काढलीस ना गं कॉम्प्युटरवर?" त्यांनी विचारले. "मग चहाचाही विचार करायचास."

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले होते. चूक दाखवताना आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे.

सूनबाईंना हे लागले. खाटेखाली एक लांब स्क्रू असतो. हँडलबरोबर तो फिरतो आणि त्यावरचा नट सरकत सरकत खाट उचलतो. या स्क्रूवर एकच आटा गुंडाळलेला होता, म्हणून एका फेरीत नट एकच पाऊल जाई. शेजारी शेजारी तीन आटे गुंडाळले, तर तोच नट एका फेरीत तीन पावले जातो. यात नवे काही नव्हते. एकच काळजी घ्यावी लागते. चढ तीव्र झाल्यामुळे माणसाच्या भाराने असा स्क्रू आपणहून उलटा फिरू शकतो. त्यासाठी बाईंनी तीन बोटांचा एक छोटा ब्रेक योजला. स्क्रूच्या टोकाशी तिन्ही आटे जिथे सुरू होतात, त्या तोंडांत ती तीन बोटे जाऊन अडकत.

पडद्यावरचा भाग खऱ्या भागासारखाच दिसला पाहिजे, असे कंपनीचे धोरण होते. 'इथे आटे आहेत' अशी टीप लिहून पूर्वी भागत असे. त्याला आता कामचुकारपणा म्हणत. म्हणून बाईंनी एक दंडगोल काढला, त्याभोवती मळसूत्री रेषा फिरवली, आणि तोंडाशी रुंद, तळाशी अरुंद अशी समलंब खाच त्या रेषेवरून ओढत नेली. मग तीच खाच सारख्या अंतराने आणखी दोनदा उमटवली. पहिल्या खेपेला रेषेची चाल, म्हणजे एका फेरीत ती जितकी पुढे जाते ते अंतर, एकाच आट्याची ठेवली गेली, त्यामुळे तिन्ही आट्यांनी एकमेकांना खाल्ले आणि दांडा उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसू लागला. 'आकृती स्वतःलाच छेदत आहे', असे सांगून सॉफ्टवेअर बंद पडले. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले की, आपल्या विभागाबद्दल इतके स्पष्ट आजवर कोणी बोलले नव्हते.

बाईंनी चाल तिप्पट केली. तिन्ही आटे एकमेकांना न शिवता, अंगाला अंग लावून वर चढत गेले. त्या बराच वेळ तो स्क्रू पडद्यावर नुसता फिरवत बसल्या.

मंजुरीची बैठक विभागप्रमुखांच्या दालनात झाली. त्यांना सगळे समतोलसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा एका रेषेत असत, आणि ज्यांच्या फायलींचे कोपरे जुळत नसत अशांची बढती लांबत असे. मोठ्या पडद्यावर स्क्रूचे टोक समोर आले, तसे त्यांनी हात वर करून थांबवले.

"हे तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी का सुरू होतात?"

बाईंनी सांगितले की, तिघांची सुरुवात वेगळी असावीच लागते.

"विस्कळीत दिसतंय. तिघांना एकाच ठिकाणी सुरू करा."

"सर, मग ते एकमेकांवर पडतील. तीन आट्यांचा एकच आटा होईल."

"एक दिसेल. पण असतील तीनच ना?"

"फाइलमध्ये तीन असतील."

"मग अडचण काय आहे?"

बाईंनी खोलीत सगळीकडे पाहिले. गुणवत्ता अधिकारी पडद्याच्या डाव्या बाजूची नोंद वाचत होत्या. तिथे आटा एक, आटा दोन, आटा तीन असे स्वच्छ लिहिलेले होते, त्यांनी ते मोजले आणि मान डोलावली. विक्रीप्रमुखांनी 'एका फेरीत तिप्पट' ही ओळ आधीच छापायला दिली होती. आणि सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी बाईंनी मागितलेली रजा साहेबांच्या सहीसाठी थांबली होती. आट्यांच्या सुरुवातींमध्ये किती कोन ठेवायचा, त्या रकान्यात बाईंनी शून्य टाकले. तिन्ही आटे एकात एक मिसळून गेले आणि दांड्यावर एकच आटा उरला, मध्ये मोकळी जागा सोडत एकटाच जिना चढणाऱ्या माणसासारखा. साहेबांना तो फार आवडला. त्यांनी रजाही मंजूर केली.

ब्रेक मात्र लाल झाला. त्याला बोटे तीन होती आणि तोंड आता एकच होते. पडद्यावर लाल रंग असलेली फाइल पुढे पाठवता येत नाही, असा नियम होता. नियमाप्रमाणे ब्रेक काढून टाकण्यात आला.

कारखान्यातले यंत्र फाइल बघून आटे कापते. त्याने काही विचारले नाही. खाटेची चाचणी रिकाम्या खाटेवर झाली, कारण रुग्णासह चाचणीला रुग्णाची संमती लागते आणि कंपनीत रुग्ण नव्हता. रिकामी खाट झपकन वर आली आणि तिथेच थांबली. टाळ्या झाल्या.

पहिली नवी खाट मानाने सासूबाईंना मिळाली. सून पायथ्याशी उभी राहिली. चारसहा फेऱ्यांत सासूबाई बसत्या झाल्या. चहातून अजून वाफ येत होती. सुनेने समाधानाने हँडल सोडले. खाट सावकाश, कसलाही आवाज न करता, कपबशीसकट आडवी होऊ लागली.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "मी खाली चाललेय."

तक्रारी आल्या. चौकशी समिती बसली. समितीने खाटा तपासल्या आणि स्क्रू निर्दोष ठरवला, कारण तो मॉडेलशी तंतोतंत जुळत होता. प्रत्येक घटनेत खाट खाली येण्याच्या लगेच आधी कोणीतरी हँडल सोडले होते, हे समितीने शोधून काढले. कारण सापडल्यावर उपाय उघडच होता. 'हँडल सोडू नये' अशी पुस्तिका काढायचे ठरले आणि ती लिहायला बाईंनाच सांगण्यात आले. त्यांनी लिहिली. हँडल धरलेला हातही त्यांनी कॉम्प्युटरवर काढून दिला, नखांसह, कारण धोरण तसे होते.

दवाखान्याने प्रत्येक रुग्णाबरोबर एक हँडलधारक नातेवाईक असणे सक्तीचे केले. ज्यांना कोणी नव्हते त्यांच्यासाठी जुन्या खाटा होत्या, आणि त्या खाटांसाठी रांग होती. बाईंनी एकदा पर्सचा पट्टा हँडलला बांधून पाहिला. सिस्टरने तो शांतपणे सोडवून त्यांच्या हातात दिला आणि सांगितले की, खाटेला बाहेरचा सुटा भाग लावता येत नाही, पुस्तिकेत तसे स्पष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांकडे गेल्या. कोन पूर्वीसारखा करू, ब्रेक परत बसवू, एका दुपारचे काम आहे, असे त्यांनी सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले आणि दवाखान्याचा अहवाल पुढे सरकवला. नातेवाईक आता रुग्णापाशी तासन्‌तास बसत होते. विक्री विभागाने खाटेचे नाव बदलून 'जिव्हाळा' केले होते.

"मॅडम, दुरुस्तीला चालू महिन्यातली एक तरी लेखी तक्रार लागते. आहे?"

सुरुवातीच्या तक्रारी पुस्तिका निघाल्याबरोबर निकाली निघाल्या होत्या. त्यानंतर एकही नव्हती.

त्या संध्याकाळी बाईंनी सासूबाईंसमोर कागद ठेवला. तुम्ही लिहा आई, त्या म्हणाल्या, कंपनीतल्या माणसाला लिहिता येत नाही. सासूबाईंनी पायथ्याशी पाहिले. त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा, दोन्ही हातांनी हँडल धरून, मान खाली घालून बसला होता.

"आधी हा दारातूनच 'बरं आहे ना' विचारून जायचा," त्या हळूच म्हणाल्या. "काल त्याने मला त्याच्या ऑफिसातलं सगळं सांगितलं. मी घरी जाईपर्यंत थांब. मग लिहू."

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. दवाखान्यातून सुटल्यावर दवाखान्याची तक्रार कोणी करत नाही. त्यांनीही केली नाही. बाईंना बढती मिळाली. योग्य कोनाची फाइल त्यांनी जपून ठेवली आहे. एक तक्रार येताच ती पुढे पाठवायची, अशी त्यांची तयारी आहे.

खाटेचा खप चांगला आहे. प्रत्येक वॉर्डात तक्रारवही टांगलेली असते आणि ती कोरी असते. तुम्हीही कोणाच्या तरी पायथ्याशी बसला असालच. हात कसा बदलायचा, हे शेजारच्या खाटेवाल्याने तुम्हाला दाखवले, आणि नंतर आलेल्याला तुम्ही दाखवले. वहीत तुम्हीही काही लिहिले नाही. तुमचा हात अडकलेला होता, हे कंपनी समजू शकते.