अप्पांचं फुकटचं विमान

मांजरसुंब्यात कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, की लोक आधी मुलगा काय करतो ते विचारतात, मग जमीन किती ते. मन्मथअप्पा यातलं काहीच विचारत नसत. ते एवढंच विचारत, "बस्ता कुठं बांधायलेत?"

समोरचा "बीडात" म्हणाला, की अप्पांचा चेहरा उतरायचा. "औरंगाबादला" म्हणाला, की त्याच्या टेम्पोतली ड्रायव्हरशेजारची जागा अप्पांची झाली असं समजायचं. अप्पा मुलीचे मामा नसत, काका नसत, बऱ्याचदा जातीचेही नसत. तरी दोन लग्नसराया आमच्या पंचक्रोशीतला एकही मोठा बस्ता त्यांच्यावाचून बांधला गेला नाही, कारण अप्पांकडं क्रेडिट कार्ड होतं.

तो काळच तसा होता. गावात आधी एसटीडीचा बूथ आला, मग केबल आली, मग शॅम्पू रुपयाच्या पुडीतून मिळायला लागला आणि त्याच लाटेत हे कार्ड आलं. अप्पांचं फाट्यावर किराणा दुकान. गल्ल्यावर "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी. साबुदाणा तोलताना एक दाणा जास्त पडला तर तो चिमटीनं परत घेणारा माणूस. औरंगाबादच्या बँकेत त्यांची थोडी ठेव होती. तिथल्या एका टायवाल्या पोरानं त्यांना सांगितलं, की या कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात आणि पुरेसे पॉइंट झाले की विमानाचं तिकीट फुकट. त्यापुढं तो पोरगा बरंच काही बोलला असणार, पण अप्पांचे कान "फुकट" या शब्दापाशीच मिटले.

कार्डावर विमानाचं चित्र होतं. वाण्याच्या घरात उधारीचं काही निघणं म्हणजे अब्रूचा प्रश्न, म्हणून अप्पा त्याला चुकूनही क्रेडिट कार्ड म्हणत नसत. "इमानाचं कार्ड" म्हणत.

पहिल्याच आठवड्यात ते कार्ड घेऊन समोरच्या ढाब्यावर गेले. रबडी खाल्ली, तोंड पुसलं आणि ऐटीत कार्ड पुढं केलं. ढाबेवाल्या रज्जाकभाईनं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, उन्हात धरलं आणि गल्ल्यात टाकून कुलूप लावलं. "पैशे आनून द्या अन् घेऊन जा. तुमी घरचेच हाव, व्याज न्हाई लावत," तो म्हणाला. विमानाचं कार्ड दोन वाट्या रबडीपायी एक दिवस गहाण पडलं. ते सोडवून आणल्यावर अप्पांना कळलं, की मशीन असलेलं दुकान शोधावं लागणार. ते सापडलं औरंगाबादला, कापडाचं, तीन मजली.

तिथून बस्त्यांचं पर्व सुरू झालं. बस्ता बांधताना दोन्हीकडची मंडळी गादीवर बसायची, मधोमध अप्पा. नवरीच्या बापानं रोख रक्कम अप्पांच्या हातात द्यायची, अप्पांनी कार्ड घासायचं, मग जाऊन तीच रक्कम त्याच दिवशी बँकेत भरायची. कार्ड घासण्याबद्दल दुकानदार शेकडा दोन रुपये जास्त लावी. ते अप्पा मुकाट्यानं स्वतःच्या खिशातून देत. एरवी दाणा न सोडणारे अप्पा त्या गादीवर कर्णाचे अवतार होत.

"मावशीला ही असली साडी? लोकं काय म्हनतील? जरा भारीतली काढा ओ."

"अप्पा, बजेट संपलं."

"लग्न काय रोज व्हायलंय का? नवरदेवाच्या आत्याला एक नऊवारी घ्या. आत्या रुसली तर मांडवात बसायची न्हाई."

अप्पांमुळं आमच्या भागातल्या आत्या-मावश्यांचा दर्जा दोन वर्षांत एकदम वर गेला. माझ्या भाचीच्या बस्त्यात तर त्यांनी वाजंत्रीवाल्यांनाही सफारीचं कापड घ्यायला लावलं. तो राग माझ्या मनात अजून आहे.

मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, त्यामुळं बँकेचा दर महिन्याचा कागद वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. अप्पा ओट्यावर येऊन बसत, पाकीट माझ्या मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून म्हणत, "वाचा." बाकीच्या ओळींशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेवटचा पॉइंटांचा आकडा मात्र ते दोनदा वाचून घेत, आणि दुसऱ्यांदा वाचताना तो वाढलाय का, हेही बघत असावेत.

एकदा उमापूरच्या पार्टीचा बस्ता झाला. चाळीसेक साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं बांधून झालं आणि कार्ड मशीननं नाकारलं. एवढं बिल कार्डाच्या मर्यादेत बसत नव्हतं. बायका ताटकळल्या, नवरीच्या बापानं रोकड मोजून दिली आणि गठ्ठे टेम्पोत चढले. अप्पा काउंटरवरच्या माणसाला म्हणत होते, "बे, पाच साड्या काढ की मग. पाचाची तरी घास." परतीच्या वाटेवर ड्रायव्हरशेजारची जागा सोडून ते मागं गठ्ठ्यांवर जाऊन बसले. गावात बातमी पोचली ती अशी, की उमापूरकरांच्या लग्नात मन्मथअप्पा रुसले.

शेवटी न राहवून मी एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो. कार्डाची वर्षाची फी, दुकानदाराचे शेकडा दोन, बंद राहिलेलं दुकान, औरंगाबादचं जेवण, सगळं मांडलं आणि म्हणालो, "अप्पा, या पैशात सरळ तिकीट विकत आलं असतं. वर दोन पोती साखर आली असती."

त्यांनी आकडे शांतपणे ऐकले. जन्मभर हिशेब केलेला माणूस, चूक असती तर लगेच पकडली असती.

"त्यो खर्च येगळा, सर," ते म्हणाले. "तिकीट फुकट हाय."

मी कागद फाडला. वाण्याची अक्कल विमानानं नेली, असं त्या दिवशी घरात म्हणालोही.

मग जूनमधला कागद आला आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जुने पॉइंट जुलैच्या मध्यापर्यंत वापरले नाहीत तर रद्द होतील. तिकिटाला अजून थोडे कमी पडत होते. अप्पांनी पंचांग काढलं. आषाढी एकादशी तोंडावर आलेली. ती झाली की चार महिने मुहूर्त नाहीत आणि मुहूर्त नाही म्हणजे बस्ता नाही. दोन वर्षांची तपश्चर्या आठ-दहा साड्यांपायी जळणार होती. मी त्यांना इतकं कासावीस कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यात भेटेल त्याला ते विचारत, "पोरगी उजवायची घाई न्हाई का तुमाला?"

मुहूर्तानं दगा दिला तेव्हा अप्पा एकटेच औरंगाबादला गेले आणि संध्याकाळी टेम्पो भरून परतले. मशीन असलेल्या दोन-तीन दुकानांतून त्यांनी खरेदी केली होती. एक गादी, दोन चादरी, एक कूलर, अबोली रंगाची रेशमी साडी आणि लाल रंगाची तीनचाकी सायकल. एकट्या माणसाच्या घरात, ज्यानं स्वतःसाठी दहा वर्षांत नवं धोतर घेतलं नव्हतं. रज्जाकभाई मला हळूच म्हणाला, "सर, अप्पाचं डोकं गेलं वाटतंय."

पण पॉइंट भरले. तिकिटाचा फॉर्म घेऊन अप्पा माझ्याकडं आले. गावात एव्हाना त्यांना विमानतळावर पोचवायला कोण कोण जाणार यावरून भांडणं सुरू झाली होती. मी पेनाचं टोपण काढून "मन्मथ" लिहायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"माजं न्हाई. सुमनचं लिव्हा. दिल्ली ते औरंगाबाद, अन् परत."

सुमन त्यांची एकुलती एक मुलगी, दिल्लीला दिलेली. दोन वर्षांपूर्वी आईच्या दहाव्याला आली होती, ती शेवटची. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपणही तिकडंच झालं. अप्पा बारशाला दोन दिवस जाऊन आले होते. त्यानंतर रेल्वे, मग मनमाड, मग दोन एसट्या, एवढा प्रवास तान्ह्या मुलीला घेऊन कसा करायचा, म्हणून तिचं नागपंचमीला येणं पुढं पुढं जात होतं.

"मग विकतचंच तिकीट कावून नाही पाठवलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "सोपं झालं असतं."

"मागं पाठवलेते ना पैशे. जावायानं मनिऑर्डर करून वापस केले. लई सज्जन मानूस, म्हन्ला, अप्पा, तुमाला कशाला भुर्दंड. आता सांगा, लेकीला पंचमीला आनायचं भाडं सासरनं द्यायचं, असं कुठं असतंय का? लेकीला न्यायला मूळ माहेरानं धाडायचं असतंय." ते फॉर्मकडं बघत म्हणाले, "फुकटाचं हाय म्हनल्यावर त्यो काय वापस करील?"

मी लिहीत राहिलो. त्या रविवारी फाडलेला कागद मला आठवला आणि मनातल्या मनात लाज वाटली. नातीचं वेगळं थोडं भाडं भरायचं होतं. ते त्यांनी घासाघीस न करता रोख काढून दिलं.

गावाला त्यांनी काही सांगितलं नाही. "अप्पा इमानाला भ्याले" असं लोक म्हणाले, ते त्यांनी खुशाल म्हणू दिलं. पंचमीला सुमन आली. आठ दिवस दुकान निम्मंच उघडं असायचं. नात सायकलवर बसायला लहान होती, म्हणून अप्पाच तिला धरून, वाकून, फाट्यापर्यंत ढकलत न्यायचे. त्या आठवड्यात तोलताना जास्त पडलेला साबुदाणा चिमटीनं परत घेतला गेला नाही.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी ते तिकीट घेऊन ओट्यावर आले.

"सर, हे परतीचं पान वापरलंच न्हाई तर काय हुतंय?"

"जळतं. पॉइंट परत मिळत नाहीत."

"दुसरा दंड काय न्हाई ना?"

"नाही."

"जावायाला कळवलं, की इमान चुकलं, तर खरं वाटंल का त्याला?"

"अप्पा, तुमची नात त्याचीही मुलगी आहे," मी म्हणालो.

"हां. ते बी हायच." त्यांनी तिकीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी लेकीला विमानात बसवून ते संध्याकाळच्या एसटीनं परतले आणि घरी न जाता सरळ माझ्याकडं आले. मला वाटलं, आता या माणसाला काय बोलून धीर द्यायचा. पण चेहरा बघितला तर खुललेला.

"इमान दीड घंटा लेट झालं, सर," ते म्हणाले. "नात तितका येळ माज्या खांद्यावर झोपलीती. अन् त्याचं कुनी कायबी घेतलं न्हाई."