वाटाणे खाण्यायोग्य असल्याबाबत

बालवाडीच्या मागच्या भिंतीलगत, पाण्याची टाकी आणि मोडकी घसरगुंडी यांच्यामध्ये जमिनीचा एक तुकडा पडून होता. कोणाच्याही ध्यानात न आल्यामुळे तो सुखात होता. बालवाडीच्या बाईंनी मुलांना हाताशी धरून तिथं वाटाणा, मुळा आणि टोमॅटो लावले. ठराव केला नाही, उद्घाटन केलं नाही, फलकही लावला नाही. मुलं डब्याच्या झाकणांनी पाणी घालायची, त्यातलं निम्मं स्वतःच्या पायांवर. अशा नियमबाह्य वातावरणातही रोपं वाढली.

वर्गात ढब्बू म्हणून ओळखली जाणारी एक मुलगी होती. भाजी दिसली की ती तोंड असं मिटायची, की दातांची डॉक्टर असलेल्या तिच्या आईलाही ते उघडता येत नसे. एका सकाळी तिनं मुळा उपटला, फ्रॉकला पुसला आणि पाल्यासकट खाल्ला. मग वेलावरच्या शेंगा सोलून खाल्ल्या आणि घरी जाऊन, तू आणतेस ते वाटाणे खोटे असतात, असं आईला सुनावलं. आईला गहिवरून आलं. तो आनंद तिनं पालकांच्या ग्रुपवर टाकला. बागेचे चांगले दिवस तिथं संपले.

त्याच संध्याकाळी लोकसहभाग सुरू झाला. पालक आले, शेजारी आले, मुलंबाळं नसलेलेही कळकळीनं आले. वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन सगळे बसले आणि बाग समिती स्थापन झाली. अध्यक्षपद एका मुलाच्या आजोबांकडे गेलं. ते निवृत्त अभियंता होते, आयुष्यभर त्यांनी पूल बांधले होते. बाग कोणत्याही आराखड्याविना उभी असल्याचं त्यांनी खेदानं नमूद केलं. बाईंनाही बैठकीचं निमंत्रण होतं. चहा त्यांनीच करायचा होता.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा निघाला. मातीत जंतू असतात, हे ढब्बूच्या आईनंच वैद्यकीय सदस्य या नात्यानं निदर्शनास आणलं. मुलांना हातमोजे द्यावेत असं ठरलं. एवढ्याशा हातांचे मोजे कुठंच मिळेनात, तेव्हा ते मिळेपर्यंत मुलांनी बाग नुसती पाहावी असं ठरलं. पाहिल्यानं मोह होतो, म्हणून जाळीचं कुंपण आलं. कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप, आणि किल्ली आजोबांच्या खिशात.

आत आता स्वयंसेवक पाणी घालू लागले. आधीच्यानं नीट घातलं असेल याची कोणालाच खात्री नसल्यामुळे जो तो नव्यानं घाली. मुळे कुजले. मुळ्यांकडून अपेक्षित सहकार्य मिळालं नाही, अशी नोंद झाली.

वाटाणा मात्र चिवट निघाला. तो कुंपणावर चढला आणि शेंगांनी लगडला. मुलं जाळीला नाकं लावून उभी राहायची. शेंगा भरल्यात, आता मुलांना आत सोडूया का, असं बाईंनी एकदा चहा देता देता विचारलं.

"बाई, ते खाण्यायोग्य आहेत हे आधी सिद्ध तर होऊ द्या," आजोबा म्हणाले.

त्यासाठी चव उपसमिती नेमली गेली. तिनं वेलाच्या खालच्या टोकापासून काम सुरू केलं. गोडीबद्दल मतभेद झाले, म्हणून फेरचव घेण्यात आली. गैरहजर सदस्यांवर अन्याय नको, म्हणून त्यांना स्वतंत्र बोलावलं गेलं. अखेर वाटाणे खाण्यायोग्य असल्याचा निष्कर्ष एकमतानं निघाला, तेव्हा वेलावर एकही शेंग उरली नव्हती. निष्कर्ष कुंपणावर लावला, मुद्दाम मुलांच्या उंचीवर. मुलांना अजून वाचता येत नव्हतं, पण तो शिक्षण खात्याचा प्रश्न होता.

राहिले टोमॅटो. ते वेलानं झाकलेल्या कुंपणाच्या सावलीत पिकेनात, आणि बागेच्या उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यांची तारीख तर ठरून गेली होती. समितीनं बाजारातून लालभडक टोमॅटो आणून हिरव्या दोऱ्यानं रोपांना बांधले. फोटोसाठी मूल हवं होतं, म्हणून त्या दिवशी ढब्बूला आत घेतलं. हसायचं, हात पुढं करायचा, पण तोडायचं नाही, अशी तिला सूचना होती. तिनं ओढलाच. टोमॅटोबरोबर दोरा आला. ती गाठ निरखून पाहत राहिली.

"बाई, हा कोणी बांधला?"

बाई तोंड उघडणार, तोच उत्तर समिती देईल असं आजोबांनी सांगितलं. समितीनं तो प्रश्न पुढच्या बैठकीवर टाकला. पाहुणे उद्घाटनांत मुरलेले होते. समाजाचा आधार म्हणतात तो हाच, असं ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

ढब्बूनं तोंड पुन्हा मिटलं. वाटाणे दिसले तरी मान फिरवू लागली. आठवड्याभरानं तिची आई एकटीच बाईंकडे आली. काही खात नाही हो, असं म्हणाली. बाईंनी तिला वर्गाच्या खिडकीपाशी नेलं आणि पडदा सरकवला. पत्र्याच्या जुन्या डब्यांतून वाटाण्याचे कोंब वर आले होते. हे कोणी लावले, ते विचारायची गरज पडली नाही. तिच्या मुलीच्या नखांतली माती तिनं रोजच पाहिली होती, आणि घासून काढली होती.

आईचा हात सवयीनं फोनकडे गेला. मी काय मदत करू, असं तिनं विचारलं.

"करू नका," बाई म्हणाल्या.

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. आजवर बागेला मिळालेला सर्वांत मोठा लोकसहभाग तो हाच.

वाटाणे आता खिडकीच्या गजांवर चढलेत. मुलं ते न धुता, न विचारता खातात, आणि ढब्बू सर्वांत पुढं असते. आता खिडकीत पुरेसं ऊन येतं का, डब्यांच्या तळाला भोकं पाडली आहेत का, अशी शंका हे वाचताना तुमच्या मनात आली असेल. समितीला एक तज्ज्ञ सदस्य हवा आहे. तुमचंच नाव सुचवलं आहे.