पन्नासच्या आतला उन्हाळा

हवामानाच्या फायली सर्वांना सारख्याच वाचता याव्यात, म्हणून समिती नेमण्यात आली. गरज होतीच. एक केंद्र रकान्यावर ‘तापमान’ लिही, दुसरं ‘उष्मा’, तिसरं नुसतंच ‘आजचं’. समितीने तीन वर्षं डोकं खाजवून प्रत्येक आकड्यासोबत एकेचाळीस ओळींचं वर्णन सक्तीचं केलं: हवा कुठली, जमिनीपासून किती उंचीवरची, तापमापक कुणी बनवला. सदतिसावी ओळ होती, ‘कमाल ग्राह्य मर्यादा: पन्नास अंश’. पन्नासच का, असं कुणीतरी विचारलंही. आकडा गोल आहे, असं उत्तर इतिवृत्तात नमूद आहे.

टेकडीवरच्या केंद्राचा निरीक्षक नियमाला पक्का. एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी तो न चुकता भरी. एका दुपारी पारा एक्कावन्न पूर्णांक दोनवर गेला. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी तेच. फाईल पाठवली. संगणकाने मर्यादेबाहेरचा आकडा पुसून तिथे ‘नोंद उपलब्ध नाही’ असं छापलं.

पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी शाळा बंद, असा नियम होता. पण नोंदच नाही, तर सुट्टी कशाची? शाळा भरली. निरीक्षकाची मुलगी पत्र्याच्या वर्गात तिसऱ्या तासाला घेरी येऊन पडली.

“चुलीत घाला तुमच्या त्या ओळी!” मुलीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बायको म्हणाली. “हिला ठेवीन मी घरी. बाकीच्या साठ पोरांचं काय?”

त्याने समितीच्या सचिवांना फोन लावला.

“साहेब, इथे एक्कावन्न झालंय हो.”

“होऊच शकत नाही. मर्यादा पन्नास आहे.”

“मग मर्यादा वाढवा ना!”

“त्याला समितीची बैठक लागते. आणि एवढ्या उकाड्यात बैठकीला कोण येतंय, तुम्हीच सांगा!”

निरीक्षक चरफडला. मग मुलीच्या कपाळावरची पट्टी उचलून तडक टेकडीवर गेला, ती भिजवून तापमापकाला टेकवली आणि पारा उतरताना एकोणपन्नास पूर्णांक सहा टिपून घेतले. फाईल बिनतक्रार स्वीकारली गेली. दुसऱ्या दिवशी शाळा बंद. पण जन्मात खोटी नोंद न केलेला माणूस तो, त्याला राहवेना. एकेचाळिसाव्या ओळीत, ‘शेरा’ या मथळ्याखाली, त्याने स्वच्छ लिहिलं होतं: ‘आकडा खोटा आहे. ओली पट्टी लावली आहे. खरं तापमान पन्नासच्या वर.’

पुढे उन्हाळाभर पट्टी चालली, आणि शेराही.

वर्षअखेरीस अहवाल आला. मानक लागू झाल्यापासून तापमानाने एकदाही पन्नास ओलांडले नसल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. वर्णन परिपूर्ण भरल्याबद्दल निरीक्षकालाही प्रशस्तिपत्र मिळालं. ते देणाऱ्याने ओळी मोजल्या होत्या, एकेचाळीस भरल्या.

फाईल सर्वांना खुली आहे. पहिल्यांदा पट्टी लावली त्या दुपारी तुमच्या मोबाईलवर तोच एकोणपन्नास पूर्णांक सहाचा आकडा होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘शेरा पाहा’. तुम्ही “पन्नास कुठे झालंय अजून!” म्हणालात, मुलाच्या डोक्यावर टोपी चढवलीत आणि त्याला खेळायला पाठवलंत.