दाजीबांचा ऑनलाइन उपचार

एका जंगलात, जिथे झाडांवर उंबरं कमी आणि सल्ले जास्त लटकलेले असायचे, तिथे दाजीबा नावाचे एक धनेश पक्षी आपल्या बायकोबरोबर राहत होते. बायकोचं नाव गोदू. दोघांच्याही चोची भल्या मोठ्या. ए, मागे कोण खिदळतंय? आधी स्वतःचं नाक बघा आरशात.

धनेशांची एक रीत असते. ती नीट ऐका, नाहीतर पुढे मध्येच विचारत बसाल. अंडी घालायची वेळ आली की बाई झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. मग बाबांनी दिवसभर फळं आणायची आणि त्या फटीतून भरवायची. तिलाही आणि पिल्लांनाही. बाबा दमतात, वाळतात, पण कुरकुर करत नाहीत. आपल्याकडे एकदा चहा केला तरी बाबालोक आठवडाभर सांगत सुटतात. जाऊ द्या.

तर दाजीबांची पिल्लं मोठी झाली. लिंपण फुटलं, गोदू बाहेर आली, पोरंही बाहेर आली, पंख झटकले आणि उडाली. थोरली पिंगी तर पार डोंगरापलीकडच्या जंगलात गेली. तिथे म्हणे उंबरं बारमाही पिकतात.

दाजीबा दुसऱ्या दिवशी उठले, गळा भरून उंबरं आणली आणि रिकाम्या ढोलीत टाकली.

"अहो, आत कोणी नाही," गोदू म्हणाली.

"हो का?" दाजीबा म्हणाले आणि आणखी आणायला गेले.

रोज तेच चाललं. ढोलीत उंबरं कुजली, मुंग्या आल्या, चिलटं आली. दाजीबा स्वतः काही खाईनात, कुणाशी बोलेनात. त्यांची मान काडीसारखी झाली. गोदूच्या जिवाला घोर लागला. आत बसून इतके दिवस ती याच चोचीची वाट बघायची. आता ती बाहेर होती, शेजारच्याच फांदीवर होती, आणि त्यांना दिसतच नव्हती. हे असेच वागले तर हातचे जातील, या भीतीनं तिला रडू यायचं.

जंगल मदतीला धावलं. म्हणजे सल्ले घेऊन धावलं. मोर म्हणाला, "नाचायला लागा." अस्वल म्हणालं, "झोपून काढा." कासव म्हणालं, "वेळ जाऊ द्या," आणि ते एवढं म्हणेपर्यंत बराच वेळ गेलाही.

शेवटी पिंगीचा निरोप आला. "आई, बाबांना समुपदेशन हवंय. मी ऑनलाइन ठरवून टाकलंय. आमच्याकडे सगळे करतात. तुम्ही फक्त वानराला गाठा."

वानराकडे मोबाइल होता. विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून एका पाहुण्याचा त्यानं सांभाळायला घेतला होता. पाहुण्याला सांगायचं तेवढं राहून गेलं. सावरीच्या शेंड्यावर रेंज यायची. तिथे तिघं चढून बसले.

पडद्यावर एक पोपट आला. हे शहरातले नामांकित समुपदेशक मिठाराम. आयुष्यात मोठे बदल झालेल्या कुटुंबांसाठी खास. त्यांच्या मागे हिरवंगार रान, धबधबा आणि वर इंद्रधनुष्य.

"मी तुमचं ऐकतोय," मिठाराम म्हणाले.

दाजीबा ढोलीच्या दिशेनं बघत बसले.

"छान. त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"ज्याबद्दल वाटतं, त्याबद्दल."

गोदूला राहवेना. "अहो डॉक्टरसाहेब, पोरं उडून गेली आणि हे रिकाम्या ढोलीला घास भरवत बसलेत! स्वतः खात नाहीत. काहीतरी करा हो."

"बदल स्वीकारा," मिठाराम म्हणाले. "पंख पसरा. सगळं आभाळ तुमचंच आहे."

"तुम्ही रोज कुठवर उडता?" दाजीबांनी विचारलं.

मिठारामांनी पंख आवरून घेतले. "मी तुमचं ऐकतोय," ते म्हणाले.

तेवढ्यात रेंज लटपटली. आधी धबधबा गेला. मग इंद्रधनुष्य गेलं. मग रानही गेलं, आणि मिठारामांच्या चहूबाजूंनी उभ्या लोखंडी सळया दिसायला लागल्या. खाली एक वाटी. वाटीत एक वाळकी मिरची.

तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, अरेरे, पिंजरा! पण दाजीबांनी जन्मात पिंजरा पाहिला नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की कुणीतरी आत कोंडून बसलंय, चोच जाईल एवढी फट आहे, आणि बाहेर भरवणारा कोणी नाही.

ते ताडकन उठून बसले.

"कधीपासून आत आहात?"

"लहानपणापासून," मिठाराम गडबडून म्हणाले.

"अंडी किती?"

"अंडी... अंडी नाहीत."

"नसू देत. भरवतं कोण?"

"मॅडम भरवतात. खऱ्या समुपदेशक त्याच. त्यांचं ऐकून ऐकून मी बोलायला शिकलो. त्या जेवायला गेल्या की मी फोन उचलतो. पण त्यांना फार काम असतं हो. कधीकधी माझी वाटी विसरतात. तर, त्याबद्दल तुम्हाला काय..."

"गप्प बसा! केवढे वाळलाय! गोदू, चल."

दाजीबांनी गळा भरून उंबरं घेतली आणि शहराची वाट धरली. गोदू मागून उडत होती. तिला हसावं की रडावं कळेना. विचारत विचारत दोघं मॅडमच्या खिडकीशी पोहोचले. दाजीबांनी सळयांमधून चोच घातली आणि पहिलं उंबर मिठारामांना भरवलं.

मिठारामांनी असं काही कधी खाल्लंच नव्हतं. रस चोचीतून ओघळला. "त्याबद्दल मला..." असं काहीतरी ते बोलायला गेले आणि हमसून हमसून रडायला लागले.

"रडा," दाजीबा म्हणाले, "पण आधी गिळा."

बऱ्याच वेळानं मिठारामांनी डोळे पुसले. खिडकीच्या कट्ट्यावर गोदू अंग चोरून बसली होती. तिच्याकडे बघून त्यांनी एक प्रश्न विचारला. हा मॅडमनी शिकवलेला नव्हता.

"अहो, पण ताई जेवल्या का?"

दाजीबांनी मान वळवली. किती दिवसांनी त्यांनी गोदूकडे पाहिलं. ढोलीत झडलेली तिची पिसं अजून पुरती आली नव्हती.

"तू खाल्लं नाहीस?"

"मी बाहेर आले म्हणून मला भूक लागत नाही, असं वाटलं का तुम्हाला?" गोदू म्हणाली.

दाजीबांच्या गळ्यात एकच उंबर उरलं होतं. ते त्यांनी तिला दिलं. तिनं त्याचा अर्धा तुकडा तोडला आणि त्यांच्याच चोचीत घातला. दाजीबांना लहानपणानंतर पहिल्यांदाच कोणीतरी भरवत होतं. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

तेव्हापासून दाजीबा ठणठणीत आहेत. पिंगी सगळ्यांना सांगत फिरते, "बघा, ऑनलाइनचा गुण येतो की नाही!" तिनं मिठारामांना पाच तारेही दिले. दोघं नवराबायको रोज शहरात जातात आणि मिठारामांना भरवतात.

पिंजऱ्याची कडी बाहेरून आहे, हे मात्र दाजीबांच्या अजून डोक्यात शिरलेलं नाही. धनेशांमध्ये लिंपण आतून फोडायचं असतं, तेही वेळ आली की. म्हणून ते निघताना प्रेमानं सांगतात, "घाई करू नका. तुमची तयारी झाली की तुम्हीच बाहेर याल."

"मी तुमचं ऐकतोय," मिठाराम म्हणतात.

गोदू मात्र हल्ली त्या कडीकडे टक लावून बघत असते. आणि तिची चोच केवढी आहे, ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

तात्पर्य: घरावर दुःख आलं तर तज्ज्ञाला जरूर गाठा. फक्त तो आपल्याहून जास्त दुःखी आहे, याची आधी खात्री करून घ्या. गुण लवकर येतो.