निरोपाचे वीस गुण

पाहुणा हा देव असतो, असे पूर्वी मानत. देवाला बिल लावता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण होती. व्यवस्थापनशास्त्राने देवाचा गेस्ट केला आणि ती दूर केली.

हे शास्त्र छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासलगतच्या एका इमारतीत शिकवले जाते. (खाली टायरचे दुकान आहे, वर फ्रेंच पदार्थांचे उच्चार चालतात.) संस्थेचे शंभर टक्के विद्यार्थी नोकरीला लागतात. न लागलेल्यांना संस्था विद्यार्थी धरत नाही. रुमालाचा हंस करणे, कुणाला बसावेसे वाटू नये इतकी चादर ताणणे, फक्त वरचे दात दाखवून हसणे, हे सगळे पाचोडच्या ज्ञानेश्वरीला उत्तम जमले. अडली ती 'निरोप' या वीस गुणांच्या प्रात्यक्षिकात. त्यात नापास झाल्यास पदविका नाही, आणि पदविकेशिवाय मोठ्या हॉटेलातली ठरलेली नोकरी नाही.

प्रात्यक्षिकात विश्वजीत सर स्वतः बॅग घेऊन गेस्ट झाले. त्यांनी काउंटरवर खोलीची किल्ली ठेवली. ज्ञानेश्वरीच्या तोंडून निघून गेले, "निघालात व्हय? असं कसं? दोन घास खाऊन जा की."

सरांनी शून्य दिले. "आग्रह हा गेस्टचा छळ असतो," ते म्हणाले. "खाली त्याची टॅक्सी उभी आहे."

दोष वडिलोपार्जित होता. तिचे वडील मुंजाबा मेंढरे राखत, आणि दारावरून जाणाऱ्याला चहाशिवाय पुढे जाऊ देत नसत. मेंढरे पिकात शिरली म्हणून काठी घेऊन भांडायला आलेल्या माणसालाही त्यांनी आधी भाकरी खायला बसवले होते. (जेवून तो भांडला. मुंजाबांच्या मते ते रीतसर झाले. उपाशीपोटी भांडणात दम राहत नाही.)

फेरपरीक्षेचा सराव घरीच सुरू झाला. मुंजाबा पिशवी घेऊन गेस्ट झाले आणि बाजेवरून उठेचनात.

"आबा, गेस्टनं आता निघायचं असतं."

"चहा टाक, मंग निघतो."

"गेस्ट चहा मागत नाय."

"मंग तो कसला पाव्हणा? त्याला आधीच हाकलून दे!"

सराव असा अर्धवट असतानाच एका दुपारी मुंजाबा त्याच बाजेवर जरा आडवे झाले, ते उठले नाहीत. (चहा टाकलेला होता.)

दुखवट्याच्या घरची रीत व्यवस्थापनशास्त्राहून कडक असते. तिथून निघताना माणूस 'येतो' म्हणत नाही, घरचे 'या' म्हणत नाहीत. नुसते उठायचे आणि चालू लागायचे. सांत्वनाला आलेली मंडळी उठली तेव्हा ज्ञानेश्वरी दारात उभी होती. सवयीने तिचा हात छातीवर गेला, वरचे दात दिसले, आणि परीक्षेसाठी पाठ केलेले वाक्य ती स्पष्ट उच्चारात म्हणाली, "आपला मुक्काम सुखाचा झाला असेल अशी आशा आहे. पुन्हा अवश्य या."

रामकिसन मामा एक पाय चपलेत घालून तसेच थांबले. "सुगंधे, काय म्हणती ही पोरगी? आणखी कोणाचा नंबर लावलाय?"

ज्ञानेश्वरीची आई सुगंधाबाई भिंतीला टेकून बसली होती. "बोलू नका तिला, दादा," ती म्हणाली. "ते बाजेवरून उठतच नव्हते. तिचं म्हणायचं राह्यलं होतं."

फेरपरीक्षेला सर पुन्हा बॅग घेऊन आले. किल्ली ठेवली. ज्ञानेश्वरीने ती उचलून घेतली. 'बसा' म्हणाली नाही, 'या' म्हणाली नाही, हसलीही नाही. सर दारापर्यंत गेले, उगाच एकदा मागे वळून पाहिले आणि बाहेर पडले.

वीसपैकी वीस. शेरा: 'आंतरराष्ट्रीय दर्जाची अलिप्तता. इतरांनी अनुकरण करावे.'

आता ती त्या मोठ्या हॉटेलच्या काउंटरला असते. वेरूळ बघून तुम्ही तिथे उतरलात, तर निघताना ती तुम्हाला थांबा म्हणणार नाही. सेवा तुम्हाला आवडेल. तुम्हालाही 'थांब की' म्हणणारे एक माणूस गावाकडे आहे. मागच्या खेपेला ते चहा टाकायला आत गेले, तेव्हा तुम्ही गाडी सुरू केली होती.