धाकटीची निवृत्ती

"ही भाजी आहे का भिंतीचा गिलावा?" ताई धाकटीच्या कानाशी पुटपुटली.

धाकटीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. पाय भाऊजींचा निघाला. भाऊजी दचकले आणि सवयीने म्हणाले, "वा! फारच सुंदर."

ओट्याशी पाठमोरे उभे असलेले निरीक्षक वळले. हातात डाव, अंगात पांढराशुभ्र एप्रन. "आणखी वाढू?"

"वाढा की! संकोच कसला?" भाऊजी म्हणाले, आणि पानात आणखी एक थर पडताना हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिले.

भाऊजींनी उभी हयात विमा विकण्यात घालवली होती. समोरच्याला बरं वाटेल तेच बोलायचं, याचं त्यांच्या जिभेला असं वळण पडलं होतं की दाढ उपटणाऱ्या डॉक्टरलाही ते "हात फार हलका हो तुमचा" म्हणून आले होते. ताईचं नेमकं उलट. तिच्या मनातून निघालेली गोष्ट ओठांपर्यंत येताना मध्ये कुठे थांबत नसे. आज ती कुजबुजली, हेच तिच्या मानाने मोठं सौजन्य. ते आठवडाभर टिकेल याची धाकटीला अजिबात खात्री नव्हती. आणि पाहुणे तर आठवडाभर राहायला आले होते.

साठी उलटली तरी धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. नवरा वजनमापं तपासायच्या खात्यात होता. निवृत्त झाला तरी 'निरीक्षक' हे नाव काही त्याला सोडेना. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी निरीक्षक ओट्यापाशी येऊन म्हणाले होते, "आजपासून स्वयंपाक माझ्याकडे. तू पुष्कळ केलंस." पुढचा शब्द ऐकायला धाकटी थांबली नव्हती. तिने एप्रन सोडून त्यांच्या गळ्यात अडकवला आणि स्वयंपाकघराबाहेर पडली. कुठल्या कचेरीत कुणी इतक्या चपळाईने पदभार सोपवला नसेल.

तेव्हापासून निरीक्षक मीठ ताजव्यात तोलत. कांदा पट्टी लावून चिरत. शिजताना मात्र चव घ्यायची नाही. तपासणी पुरी होईपर्यंत मालाला हात लावायचा नाही, हा नोकरीतला दंडक. जे तयार होई ते मापाला चोख असे. चवीबद्दल बोलायला नको.

धाकटी बोलतही नव्हती. दोन वर्षं रोज ते खाऊन ती "छान झालंय" म्हणत होती, कारण त्या एका 'छान'च्या बदल्यात तिला तिची सकाळ मिळाली होती. सकाळी ती पोहायला जाई. पाण्यावर उताणं पडून आभाळ बघायला ती या वयात शिकली. इतकी वर्षं ओट्यावरच्या खिडकीतून दिसायचा तेवढाच त्याचा तुकडा तिला ठाऊक होता. आता ताईच्या तोंडून एक खरा शब्द निसटायचा अवकाश, निरीक्षकांनी डाव खाली ठेवलाच असता. आणि तो उचलायला घरात दुसरं होतं कोण?

"उद्यापासून आपण बाहेर जेवायचं," ती भांडी आवरता आवरता म्हणाली.

"का? मी आहे ना," निरीक्षक म्हणाले.

"अहो, ताईला बाहेर जेवायची भारी हौस आहे. बोलून दाखवत नाही ती."

"तुझी ताई? बोलून दाखवत नाही?"

"या बाबतीत नाही दाखवत."

ताईला तिने बाहेरच्या खोलीत गाठून सांगितलं, "ह्यांचा खांदा दुखतोय गं. सांगत नाहीत, पण डाव उचलला की कळ येते."

"तरीच!" ताई म्हणाली. खांद्याचा आणि त्या भाजीचा तिने काय संबंध लावला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून चौघं बाहेर जेवू लागली. चार वेगवेगळे पदार्थ मागवायचे आणि वाटून खायचे, असं ठरलं. ताईचा चमचा सरहद्दी न मानता कुठल्याही ताटात शिरे. भाऊजी आपल्या वाट्याचं सगळ्यांना वाटून टाकत आणि मग पाव चघळत बसत. निरीक्षक वाटणीचे प्रमुख. भाजलेला मासा आला की त्याचे काट्यांसकट चार समान भाग होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही; तोवर मासा गार आणि ताई गरम.

त्यात तो खांदा. निरीक्षकांनी पाण्याच्या जगकडे हात नेला की ताई झडप घाली. "तुम्ही उचलू नका! ठेवा, ठेवा खाली!" बसमध्ये तिने एका तरुणाला उठवून त्यांना बसवलं. संध्याकाळी मलमाची बाटली त्यांच्या उशाशी आणून ठेवली.

"तुझ्या ताईला मी इतका म्हातारा दिसतो का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"माया आहे तिची," धाकटी म्हणाली आणि कूस बदलली.

चार दिवसांत सगळ्यांची पोटं कुरकुरायला लागली. सकाळी चहाच्या वेळी भाऊजींनी फार गोड शब्दांत विषय काढला. "बाहेरचं उत्तमच आहे हं. प्रश्नच नाही. पण मेव्हणीबाई, एखाद्या दिवशी घरचं साधं सूप, तुमच्या हातचं..."

ताईला असा ठसका लागला की चहा टेबलक्लॉथवर सांडला. "तिला कशाला त्रास! नको, नको. मुळीच नको."

"तिला कशाला? मी करतो ना," निरीक्षक उत्साहाने उठले. "भोपळ्याचं करतो. पोटाला हलकं."

ताईने डोळे मिटून घेतले.

पोहण्याचा टॉवेल तसाच खांद्यावर ठेवून धाकटी कोपऱ्यावरच्या खानावळीत गेली. मालकीण भाज्या निवडत बसली होती.

"मला पातेलंभर भोपळ्याचं सूप हवंय. दुपारी मागच्या दाराने आणून द्यायचं. आणि कुणाला कळता कामा नये."

मालकिणीने हातातली शेंग खाली ठेवली. "सूप काय चोरून प्यायचंय?"

"चोरून नाही हो, चारचौघांत प्यायचंय. फक्त ते आमच्या ह्यांनी केलेलं असायला हवं."

खानावळ चालवून चालवून मालकिणीने माणसांच्या तऱ्हा बघितल्या होत्या. तिने जास्त विचारलं नाही.

दुपारी निरीक्षक सूप उकळून, गॅस बंद करून आंघोळीला गेले. पाहुणे डुलकी काढत होते. धाकटीने नवऱ्याचं पातेलं मोरीत उपडं केलं. सूप जाईना. ते मोरीच्या तोंडाशी बसून राहिलं, जणू त्याला खाली काम नव्हतं. धाकटीने डावाच्या दांड्याने ढोसलं, वर गरम पाणी ओतलं, मनातल्या मनात हातापाया पडली. आंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला तेव्हा कुठे शेवटचा गोळा गटकन खाली गेला. खानावळीचं सूप पातेल्यात ओतून ती टेबलाशी येऊन वर्तमानपत्र वाचायला लागली. वर्तमानपत्र उलटं होतं.

सगळे जेवायला बसले. नुसते चमचे वाजत होते. ताईने दुसऱ्यांदा घेतलं, मग तिसऱ्यांदा.

"निरीक्षक, हे तुम्ही केलंत?"

निरीक्षकांनी एक चमचा तोंडात घातला. पातेल्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे. "हो," ते सावकाश म्हणाले. "तसं दिसतंय खरं."

"असं सूप हॉटेलातसुद्धा मिळायचं नाही!" भाऊजी म्हणाले. पहिल्यांदाच ते मनापासून बोलले होते, पण फरक कुणाला कळणार?

निरीक्षक उठले. त्यांनी वाडगाभर सूप काढलं आणि वर झाकण ठेवलं.

"कुठे निघालात?" धाकटीचा आवाज चिरकला.

"खानावळीत. बाईंना चाखवून येतो. जाणकार माणसाचं मत घेतलेलं बरं."

ते परत येईपर्यंत धाकटीने तीच बशी पुसून पुसून गुळगुळीत केली. आले ते हसतच. "बाई म्हणाल्या, उत्तम. रविवारचं सूप त्यांच्या स्वयंपाकघरात मी करणार. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी! सोमवारी ताई-भाऊजी निघणार, तेव्हा आपलं निरोपाचं जेवण तिथेच."

"अहो, पण रविवारी तिथे केवढी गर्दी असते!"

"म्हणून तर."

"आणि तुमचा खांदा?" ताईने विचारलं.

"काय झालंय माझ्या खांद्याला?" निरीक्षक पहिल्यांदाच चिडले. "आठवडाभर खांदा खांदा काय लावलंय सगळ्यांनी?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीला ताबडतोब झाडांना पाणी घालायचं आठवलं.

रविवारी खानावळ गच्च भरली होती. चौघांचं टेबल अगदी मधोमध; तीन खुर्च्या भरलेल्या, एक रिकामी. स्वयंपाकघराच्या दारात निरीक्षक उभे होते. कडक इस्त्रीचा एप्रन, चापून बसवलेले केस. मालकीण गल्ल्याशी अडकलेली. तिला चाखायलाही उसंत नव्हती. सूप थेट पातेल्यातून वाडग्यांत आणि वाडग्यांतून टेबलांवर गेलं.

सगळे चमचे बरोबरच तोंडात गेले आणि बरोबरच थांबले.

कोपऱ्यातल्या माणसाने पाणी मागितलं. खिडकीपाशी बसलेल्या नवरा-बायकोने आपापले वाडगे बदलून पाहिले, मग पुन्हा बदलले. एका लहान मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आईने त्यात पाव कोंबला. दारात उभ्या असलेल्या त्या आनंदी म्हाताऱ्याकडे बघून सगळे हसून मान डोलवत होते आणि गिळत होते.

"वा..." भाऊजींनी सुरुवात केली. पुढचा शब्द घशातच राहिला. त्यांच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं.

निरीक्षक टेबलांमधून वाट काढत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. त्यांनी फक्त धाकटीला विचारलं, "कसं झालंय?"

"छान झालंय."

"खरं सांग."

"छानच झालंय हो."

"अगं, परवा मी आंघोळीला गेलो तेव्हा पातेलं पाऊण भरलं होतं. बाहेर आलो तर काठोकाठ. जन्मभर मापं तपासली मी. एवढं कळणार नाही मला?"

ताईचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे परवाचं सूप..."

"बाईंचं. वाडगा घेऊन गेलो आणि सरळ विचारलं. लगेच कबूल केलं त्यांनी."

"करणार नाही तर काय!" मालकीण गल्ल्यावरून ओरडली. "माझंच सूप मला चाखवायला आणलं. हसू आवरेना मला."

"मग म्हटलं, मला शिकवा. शेजारी उभं राहून शिकवा."

"शिकवलं की," मालकीण वाडगा घेऊन जवळ आली. तिने चमचाभर तोंडात घातलं आणि खुर्चीची पाठ धरली. "माझंच पातेलं, माझाच भोपळा. मी सांगितलं तस्संच केलं यांनी. तरी हे असं कसं झालं, देवालाच ठाऊक."

धाकटी नवऱ्याकडे बघत होती. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? पहिल्यापासून?"

"मलाही जीभ आहे. रोज मीही तेच खातो."

"मग करत का राहिलात?"

निरीक्षक एप्रनचं टोक दुमडत बसले. "तू सकाळी पोहून यायचीस. केस ओले, आणि गुणगुणत. इतक्या वर्षांत तुला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं मी. म्हटलं, आपण हात टेकले तर हे बंद पडायचं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. "आणि मी, तुम्ही डाव खाली ठेवू नये म्हणून दोन वर्षं मुकाट गिळत होते! अहो, मला नाही परत ओट्याशी उभं राहायचं. मुळीच नाही!" तिचा आवाज चढला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उघड उघड ऐकायला लागले. "पण आता तुम्ही सगळे म्हणालच, हिनेच करावं. हिच्या हाताला काय चव होती!"

निरीक्षकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. भाऊजींना छतावर काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

"काय झालं?" धाकटीने एकेकाकडे पाहिलं. "अरे, बोला की कुणीतरी!"

ताईने चमचा खाली ठेवला.

"अगं बये, तुला परत ओट्याशी उभी करायची छाती कुणाची आहे? ह्यांचं सूप वाईट आहे, कबूल. पण तुझं याच्याहून वाईट असायचं! जन्मात एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली मी. इतकी वर्षं आम्ही तुझ्याकडे येतोय ना, स्टेशनवर उतरलो की आधी पोटभर जेवतो आणि मग तुझी बेल वाजवतो!"